दुखण्याचा रकाना

१२ मे २०२५, सोमवार

बुद्धपौर्णिमा आणि परिचारिका दिन यंदा एकाच तारखेला आले. रुग्णालयाने केक आणला, प्रत्येकीला एकेक गुलाब दिला आणि मेट्रन मॅडम नाइटिंगेलबाईंच्या दिव्यावर बराच वेळ बोलल्या. त्या दिव्याचं आपल्याकडे फार होतं. बाई आकडेवारीत पक्क्या होत्या. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने १८५८ साली सभासद करून घेतलेली पहिली स्त्री म्हणजे याच, हे कुणी सांगत नाही. मला त्यांचे तक्ते जास्त जवळचे वाटतात. माझी निम्मी ड्यूटी तक्ते भरण्यातच जाते.

दुपारी पाच नंबरवर नवा पेशंट आला. सत्तरीचे आजोबा, मेंदूत रक्तस्राव, तोंडातून नळी, व्हेंटिलेटर. विटाव्याचे, म्हणजे आमच्या कळव्यातलेच. (आयसीयूत माणसं नावापेक्षा खाटेच्या नंबराने ओळखली जातात. वाईट आहे, पण आहे.) दुसऱ्या रुग्णालयातून हलवले होते, सोबत कागदांची फाइल. तिथल्या चार्टवर ताप, नाडी, बीपी, सॅच्युरेशन, लघवी सगळं दर तासाला लिहिलेलं. वेदनेचा रकानाही होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य. बोलणाऱ्या पेशंटला आपण विचारतो, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. ज्याला बोलताच येत नाही त्याच्यापुढे शून्य मांडायची रीत कुठून आली, कोण जाणे. ही एका रुग्णालयाची गोष्ट नाही. बदल्यांमध्ये जिथे जिथे काम केलं तिथे हा शून्यांचा जिना पाहिला आहे.

१४ मे, बुधवार

नव्या दोन मुली रुजू झाल्यात, एक कोट्टायमची, एक लातूरची. त्यांना आज आजोबांच्या खाटेशी उभं करून सीपॉट शिकवलं. क्यूबेकच्या सेलीन जेलिना या नर्स-प्राध्यापिकेने ते २००६ साली प्रसिद्ध केलं. चार गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन द्यायचे. चेहरा: कपाळाला आठी, भुवया खाली, डोळे घट्ट मिटलेले. शरीराची हालचाल: हात सावकाश दुखऱ्या जागेकडे जातो की नळी ओढायला धावतो. स्नायूंचा ताण: कोपर हळूच वाकवून बघायचं, हात सैल आहे की अडतोय. आणि चौथं, व्हेंटिलेटरशी जमतंय का. नळी नसलेल्यांमध्ये त्याऐवजी कण्हणं. एकूण आठ. तीन आले की दुखतंय असं धरून चालायचं.

फ्रान्समध्ये पाएन यांनी २००१ मध्येच याचसारखी दुसरी पट्टी काढली होती, बीपीएस. चेहरा, हात, व्हेंटिलेटर एवढीच तीन कलमं, गुण तीन ते बारा. कुठलीही वापरा, पण एक वापरा आणि सगळ्यांनी तीच वापरा. सकाळची सिस्टर एक पट्टी लावते आणि रात्रीची दुसरी, तर आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

लातूरची मुलगी धीट आहे. म्हणाली, "मॅडम, पण ह्यांना मिडाझ चालू आहे की. झोपलेत ते."

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यावाच. मिडाझोलाम झोपवतं, वेदना मारत नाही. प्रोपोफॉलचंही तेच. वेदनेला फेंटानिल, मॉर्फिन, पॅरासिटामॉल अशी वेगळी औषधं लागतात. गुंगीत असलेल्या माणसाला दुखतं, फक्त ते दाखवायची त्याची ताकद औषधाने काढून घेतलेली असते. म्हणून आता क्रम असा धरतात की आधी वेदनेचं औषध, मग गरज उरली तर गुंगीचं. पेशंट व्हेंटिलेटरशी फाइट करतोय म्हटलं की आमच्याकडे हात आधी मिडाझच्या पंपाकडे जातो. तो जाण्याआधी सीपॉट बघा, एवढंच त्यांना दहा वेळा सांगितलं.

कोट्टायमच्या मुलीने हिंदीत विचारलं, नाडी आणि बीपी बघून नाही का कळत? नाही कळत. ताप, रक्तस्राव, भीती, भरलेली लघवीची पिशवी, कशानेही नाडी वाढते. उलट बीटा-ब्लॉकरवरच्या माणसाची नाडी दुखूनही वाढत नाही, आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या पंपावरचं बीपी तर आपणच ठरवतो. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: मॉनिटरवरचा आकडा बदलला तर वाकून पेशंटकडे बघा, त्यापलीकडे त्या आकड्यावर विसंबू नका. आम्ही सगळे मॉनिटरकडे तोंड करून उभे असतो. खाट पाठीमागे असते.

१८ मे, रविवार

अरुणा शानबाग गेल्या त्याला आज दहा वर्षं झाली.

आमच्या पिढीच्या मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही नर्सला ही तारीख सांगावी लागत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये ड्यूटी संपवताना एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. साखळीने गळा आवळला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. हल्दीपूरहून मुंबईला आलेली पंचविशीची मुलगी त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएममध्येच राहिली, वॉर्ड नंबर चारजवळच्या खोलीत. नर्सेसच्या पिढ्या निवृत्त झाल्या आणि पुढच्या पिढीने त्यांना सांभाळलं.

त्याबद्दल लिहिताना लोक ममता, माया, सेवा हे शब्द वापरतात. मला त्यात एक गोष्ट हरवल्यासारखी वाटते. अरुणांच्या दयामरणासाठी पत्रकार पिंकी विराणींनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टर तपासायला पाठवले होते: टाटा मेमोरियलचे डॉ. दिवाटिया, हिंदुजाचे डॉ. गुरसहानी आणि शीवच्या रुग्णालयाचे डॉ. नीलेश शाह. त्यांच्या तपासणीत आणि केईएमच्या निवेदनात जे तपशील आले ते मी निकालपत्रात मुद्दाम शोधून वाचले. आवडीचं मासे-चिकन सूप मिळालं की चेहरा खुलतो. नको असलेलं अन्न थुंकून टाकतात. खोलीत गर्दी झाली की आवाज करतात, लोक गेले की शांत होतात. शौच-लघवीची वेळ झाली की वेगळा आवाज येतो आणि तो सिस्टरांना ओळखू येतो. हे मायेने कळत नाही. रोज बघून, ताडून, पुढच्या पाळीला सांगून कळतं. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने विराणींचा अर्ज फेटाळला आणि अरुणांच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाट उच्च न्यायालयाच्या परवानगीने खुली केली, त्यावर रकाने भरभरून लिहून आलं. सिस्टरांचं निरीक्षण पुरावा म्हणून देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयापुढे गेलं, याच्यावर कुठे दोन ओळी वाचल्याचं मला आठवत नाही.

२१ मे, बुधवार

सकाळच्या राउंडला रजिस्ट्रार डॉक्टरांनी आजोबांच्या नखावर पेन आडवं धरून दाबलं. डावा हात उचलला गेला आणि सावकाश उजव्या बोटाकडे आला.

"एम फाइव्ह," डॉक्टर म्हणाले, "कालपेक्षा छान."

खरंच छान होतं. ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल आणि जेनेट या दोघा डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलं आणि आज तालुक्याच्या रुग्णालयापासून ट्रॉमा सेंटरपर्यंत सगळे तेच वापरतात. डोळ्यांचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. नुसतं सांगून पेशंट हलत नसेल तर त्याला दुखवून बघायचं: नखावर दाब, भुवईच्या हाडावर दाब, मानेजवळचा स्नायू चिमटीत. हात दुखऱ्या जागेपर्यंत पोहोचला तर पाच, नुसता मागे ओढला तर चार. सहा म्हणजे सांगितलेलं ऐकतोय.

मी हे वर्षानुवर्षं करत आले आहे आणि त्यात गैर काही नाही, मेंदू सुधारतोय की बिघडतोय हे कळायला दुसरा सोपा रस्ता नाही. आज चार्ट भरताना मात्र थबकले. वरच्या ओळीत लिहायचं की या माणसाला दुखल्याचं कळतं, कुठे दुखलं तेही कळतं, हात तिथपर्यंत नेता येतो. त्याचे पाच गुण. आणि चार ओळी खाली, त्याच पानावर, त्याच तासाला वेदना शून्य? दोन्हींपैकी एक ओळ खोटी असणार. कोमाची ओळ तर डॉक्टर स्वतः तपासतात.

लातूरच्या मुलीला मी काही बोलले नव्हते. तिने दुपारी आजोबांना कुशीवर वळवताना सीपॉट चार लिहिला आणि खाली वेळ टाकून सही केली. या चार्टवरचा शून्याखेरीज पहिला आकडा. राउंडला कुणी विचारलं नाही. संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, आणि वळवण्याआधी फेंटानिलचा छोटा डोस लिहून दिला.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मे महिन्यात! मुंबईत इतक्या लवकर मान्सून पोहोचल्याची नोंद नाही म्हणे. लोकल रखडल्या, अर्धी पाळी उशिरा आली, त्यामुळे रात्रीच्या मुलींना थांबावं लागलं. आजोबांच्या बायको मात्र वेळेआधी हजर. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की रस्ता अडतो म्हणून त्या पहाटेच निघालेल्या. साडीचा काठ ओला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत चपाती-भाजी, जी आजोबा खाऊ शकत नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे.

आजोबांच्या गळ्यात परवा ट्रेकिओस्टॉमी केली. ताजी जखम, सक्शन करताना खोकला. त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मी विचारलं, आजी, घरी यांचं काही दुखलं-खुपलं तर काय करायचे हो?

"हे कधी आई गं म्हटले नाहीत, सिस्टर. कंपनीत हातावर लोखंड पडलं तेव्हा पण नाही. अंगठा मुठीत धरून गप बसायचे. अंगठा आत गेला की मी समजायची."

मी चादर सारली. डाव्या हाताचा अंगठा चार बोटांच्या आत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आठीसुद्धा नाही. सीपॉटने बघितलं तर दोन आले असते, फार तर. अंगठ्याची गोष्ट कुठल्याही पट्टीत नसते. पेशंट स्वतः सांगू शकत नसेल तर जवळच्या माणसाला विचारावं, हे मार्गदर्शक सूचनांतही लिहिलेलं आहे. आमच्याकडे नातेवाइकांना भेटीच्या वेळेत पाच मिनिटं आत सोडतात, तीही "कशाला हात लावू नका" या सूचनेसकट. त्यांना विचारायचं कधी?

परवा आजोबांना वळवताना सीपॉट चार आला होता, त्यावरून आठवलं. अमेरिकेत कॅथलीन पंटिलो आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून जास्त पेशंटांना सहा गोष्टींबद्दल विचारून २००१ मध्ये निष्कर्ष छापले: ड्रेन काढणं, सक्शन, गळ्यातली लाइन घालणं, ड्रेसिंग वगैरे. मोठ्या माणसांना सगळ्यांत जास्त दुखलं ते कुशीवर वळवताना! जे आम्ही दर दोन तासांनी करतो, बेडसोर होऊ नये म्हणून, चांगल्या हेतूने, मामांना हाक मारून, एक-दोन-तीन म्हणत. त्या पेशंटांपैकी पाचातल्या एकालाही आधी मॉर्फिनच्या जातीचं औषध मिळालेलं नव्हतं.

२९ मे, गुरुवार (रात्रपाळी)

दोन नंबरवरच्या बाईंचं भाजलेल्याचं ड्रेसिंग रात्रीच ठरलं. फेंटानिल लिहिलेलं होतं. फेंटानिल, मॉर्फिन ही औषधं दुहेरी कुलपाच्या कपाटात. किल्ली रात्रीच्या सुपरवायझरकडे. सुपरवायझर खाली कॅज्युअल्टीत. वहीत नाव, वेळ, मात्रा, दोन सह्या, रिकामा अ‍ॅम्प्यूल परत. हे सगळं असायला हवं, माझी तक्रार नियमांवर नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतकी दहशत बसली होती की रुग्णालयं मॉर्फिन ठेवायलाच तयार नसायची. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिन-फेंटानिलसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी परवान्यांची रांग कमी झाली. कागदावरची भीती गेली, माणसांतली राहिली. किल्लीसाठी थांबणं हे त्या भीतीचंच उरलेलं रूप. ड्रेसिंग सुरू करायला सर्जन घाई करत होते. मी नाही म्हटलं. किल्ली आली, इंजेक्शन दिलं, फेंटानिल काही मिनिटांतच लागू होतं, मग पट्टी सोडली. सर्जन रागावले. रागावू देत.

३ जून, मंगळवार

एनआयसीयूच्या मैत्रिणीबरोबर डबा खाल्ला. तिच्याकडे सगळेच न बोलणारे. तिथे म्हणे रकाना कधीच रिकामा नसतो, नवजातांच्या वेदनेची पट्टी प्रत्येक टोचण्याबरोबर भरतात. पण हे शहाणपण जुनं नाही. तान्ह्या बाळांना दुखत नाही, दुखलं तरी आठवत नाही, असं समजून १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या भल्या भल्या रुग्णालयांत वेदनाशामक न देता, नुसते स्नायू ढिले करून त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत. ते चुकीचं ठरवणाऱ्यांत एक आपल्याकडचे होते, इंदूरला एमबीबीएस झालेले डॉ. कंवलजीत आनंद. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेत फेंटानिल मिळालेल्या अकाली बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि गुंतागुंतही कमी. १९८७ साली ते लॅन्सेटमध्ये आलं.

स्नायू ढिले करण्यावरून करोनाची दुसरी लाट आठवली. पालथे निजवलेले, अ‍ॅट्राक्युरियमने पूर्ण निश्चल केलेले पेशंट. तिथे कुठलीही पट्टी चालत नाही, कपाळाला आठीच पडू शकत नाही. अशा वेळी दुखतंय असं गृहीत धरून औषध चालू ठेवायचं आणि डोळ्यांतलं पाणी, बाहुल्या, अचानक चढलेली नाडी यांच्यावर लक्ष ठेवायचं. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तिच्या टिपांत स्पष्ट म्हटलंय की सांगता येत नाही यावरून वेदना नाही असं ठरत नाही. करोनाच्याच वर्षी हे छापून आलं, आणि त्या वर्षी ते वाचायला आमच्यापैकी कुणाला फुरसत होती!

७ जून, शनिवार

आजोबा वॉर्डात गेले. व्हेंटिलेटर सुटला, गळ्याची नळी आहे, उजवी बाजू नाही, बोलणं येईल का ते पुढे कळेल. लातूरच्या मुलीने हँडओव्हरच्या कागदावर औषधांच्या खाली लिहिलं: "डावा अंगठा मुठीत = दुखत आहे. वळवण्याआधी पेनकिलर." वॉर्डच्या सिस्टर वाचून हसल्या, पण कागद फाइलला लावला.

९ जून, सोमवार

सकाळी मुंब्र्याजवळ वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. माणसं गेली, कितीतरी जखमी. काही जणांना आमच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेलं. आमच्या इमारतीतले अर्धे लोक त्याच वेळेच्या गाडीने जातात, त्यामुळे दुपारपर्यंत फोनच फोन.

रुळांवरून येणारा पेशंट मध्य रेल्वेच्या या पट्ट्यातल्या कुठल्याही नर्सला नवा नाही. डोक्याला मार, खिशात ओळखपत्र नाही, चार्टवर "अज्ञात पुरुष, अंदाजे ३५". त्यांच्यासाठी अंगठ्याची गोष्ट सांगणारं कुणी नसतं. शिवाय मेंदूला मार लागलेले पेशंट नेहमीच्या खुणा कमी दाखवतात: कपाळाला आठी पडेलच असं नाही, उलट अचानक डोळे उघडतात, चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येतं, हातपाय आखडतात. जेलिनांच्या गटाने हेही तपासून मांडलंय. डोळे उघडले म्हणून आपण "जागा झाला" असं आनंदाने लिहितो. लिहावंच, पण त्या क्षणी आपण त्याला काय करत होतो, तेही शेजारी लिहावं.

१० जून, मंगळवार

आज वटपौर्णिमा. खारेगावातल्या वडाला सकाळपासून दोरे. मी ड्यूटीवरून परत येताना दोघी शेजारणी भेटल्या, एकीचे सासरे गेल्या आठवड्यापासून एका रुग्णालयात आयसीयूत आहेत. "झोपवून ठेवलंय म्हणतात, त्रास नाही काही," ती म्हणाली.

तिला जे सांगितलं तेच इथे उतरवते, कारण उद्या कुणावरही ही वेळ येईल. भेटायला जाल तेव्हा बीपी किती, ऑक्सिजन किती हे सगळे विचारतात, तुम्ही वेदनेचा आकडा विचारा आणि तो कुठल्या पट्टीने मोजला तेही विचारा. वळवण्याआधी, ड्रेसिंगआधी काही देतात का, विचारा. आणि तुमचा माणूस दुखलं की काय करतो, दात आवळतो, पाय पोटाशी घेतो, गप्प होतो, अंगठा मुठीत धरतो, ते ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगा आणि चार्टवर लिहून घ्यायला लावा. ती वैतागली तरी लिहून घ्यायला लावा.